स्टेपनी माळ्यावर असता केलेल्या स्वारीची हकीकत

वाचणारे साहेब थोर आहेत, त्यांचे सेवेशी लिहिणाराचा मुजरा. ही हकीकत लिहावी ऐशी आज्ञा कोणाची झाली नाही, इनाम ठरले नाही, विचारपूसही कोणी केली नाही. तरी लिहिणे प्राप्त झाले. सबब की, मोठमोठ्या लढाया लिहावयास भाट उदंड, आणि त्यांत जिंकले कोण, मेले कोण, हे लोक विसरूनही गेले. परंतु घरापासून दूर, भर रस्त्यात गाडीचे चाक बसले म्हणजे माणूस कोणत्या मोलाचा ते जे उघडे पडते, ते लिहावयास एकही हरीचा लाल पुढे आला नाही. म्हणून घडले ते घडले तैसे, कोणाची भीड न धरता, कलमबंद केले आहे. ज्यास झोंबेल त्याने खुशाल झोंबून घ्यावे. चाक त्याचेही कधीतरी बसणार आहे.

प्रथम स्वारीचे कारण. बाईसाहेब म्हणून एक मानी बाई, हयात शिलाई यंत्रावर गेलेली, जिभेने कात्री आणि मनाने अस्तर, ऐशी ख्याती. त्यांस थोरली बहीण एक, जीस लहानथोर ताई म्हणत. ताई दूर मुलुखी एकट्या राहात. यजमान वारले, आणि मुलगा समुद्रापार नोकरीस गेला तो तिकडेच घर करून बसला, आणि आता त्याने आईस बोलावून घेतले, आणि घर विकले, आणि सामान बांधले, आणि दिवस ठरला. त्या दिवशी सूर्यास्ती भाड्याची मोटार येऊन ताईंस विमानतळावर घेऊन जाणार. मागे येणे नाही. हे सर्वांस ठाऊक आणि बोलत कोणी नव्हते. "उन्हाळ्यात येईनच की गं," ऐसे ताई फोनवर म्हणत, आणि "ये ना, ये," ऐसे बाईसाहेब म्हणत, आणि मग बोलणे संपले म्हणजे पदराने डोळे न पुसता फोन पुसत.

दोघी बहिणींची भेट होऊन वर्षे लोटली होती. का लोटली त्याचा खुलासा पुढीलप्रमाणे.

बाईसाहेबांचे यजमान राजमान्य राजश्री स्टोअरकीपर साहेब. कारखान्याच्या सामानकोठीवर त्यांनी नोकरी केली ऐशी की, आत आलेली वस्तू बाहेर जाताना माणसाने आजारी पडावे. निवृत्त जाहले, कोठी सुटली, परंतु कोठीने त्यांस सोडले नाही. चांगली वस्तू वापरली की संपते, आणि न वापरली तर चांगलीच राहते, हा त्यांचा धर्म, आणि घरादारात त्याचीच अंमलबजावणी. नवे टॉवेल पेटीत, आणि अंग पुसावयास जो टॉवेल त्यातून पलीकडचा माणूस ओळखू यावा. सोफ्यास प्लॅस्टिकचे चिलखत, त्यामुळे उन्हाळ्यात पाहुणा बसला की चिकटे आणि उठला की फर्रकन आवाज होई, आणि अब्रूदार पाहुणे उभ्यानेच बोलून परत जात. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी दोऱ्याने बांधलेली, आणि आवाज कमी करावयाचा तर आधी गाठ सोडणे प्राप्त. गाडी होती. परंतु ती उन्हात नेऊ नये, पावसात भिजवू नये, धुळीत घालू नये, आणि उरलेल्या ऋतूत मनसोक्त चालवावी ऐसा दंडक होता. तेव्हा गाडी खोळीत आणि बाईसाहेब बसस्टॉपावर, ऐसा कारभार चाले. ताईंकडे जाण्याची गोष्ट निघाली की साहेब म्हणत, "एवढ्या लांब? गाडी दमेल. पुढल्या खेपेस बघू." ऐशा पुढल्या खेपा इतक्या साचल्या की माळ्यावर ठेवावयास जागा उरली नाही.

या खेपेस मात्र बाईसाहेबांचे निर्वाणीचे फर्मान सुटले जे, "गाडी निघाली नाही तर मी चालत जाईन. आणि परत यायचं की नाही ते चालता चालता ठरवीन." तेव्हा साहेबांचा नाइलाज जाहला, आणि गाडीची खोळ उतरली, आणि शेजारपाजार गॅलरीत येऊन पाहू लागला की ही गाडी या रंगाची होती काय.

मग सकाळी कूच केले. साहेब सुकाणूवर, बाईसाहेब शेजारी, मांडीवर डबा, डब्यात ताईंस आवडतात त्या खुसखुशीत वड्या. गाडी बैलगाडीस लाजवील ऐशा वेगाने चालली. मागून ट्रकवाल्यांनी कर्णे फुंकले, शिव्यांची नौबत झडली. साहेब ढळले नाहीत. "जाऊ दे त्यांना, त्यांची गाडी त्यांची नाहीये," ऐसे म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय आणिक वर घेतला. वस्ती मागे पडली, दुकाने मागे पडली, दोहो बाजूंस नुसते रान लागले.

तेथे रस्त्याच्या कडेस सरकारी फलक होता. 'सावकाश जा, घरी कोणीतरी वाट पाहत आहे' ऐशी त्यावर अक्षरे. फलक बसविणारा ठेकेदार कोण होता ते या हकीकतीस ठाऊक नाही, नाहीतर त्याचे सात पिढ्यांचे नाव येथे लिहिले असते. कारण की त्याने फलकास स्क्रू दिले ते मळसूत्री वळवून न बसविता हातोड्याने ठोकले, बिल घेतले आणि गेला. वाऱ्याने स्क्रू एकेक करून सुटले, रस्त्यावर येऊन पडले, आणि फलक एका स्क्रूवर लटकून उरलेल्या जगास सावधगिरी शिकवीत राहिला. त्यातील एक स्क्रू, लांब, चकचकीत, दबा धरून पडला होता. तो स्वारी येताच डाव्या पुढल्या चाकात घुसला.

काही अंतर गेल्यावर गाडी डावीकडे ओढू लागली, जैसे मूल खेळण्याच्या दुकानाकडे ओढते तैसे. साहेबांनी गाडी कडेस घेतली, उतरले, चाकाची पाहणी केली. हवा थोडी उतरली होती, फार नाही. हळूहळू गेले असते तर पुढली वस्ती गाठणे अशक्य नव्हते. ही गोष्ट वाचणारांनी ध्यानी ठेवावी. परंतु साहेबांनी चाकात स्क्रू पाहिला, आणि त्यांचे नेत्र पाणावले. गंज नाही. आटे शाबूत. डोके रुंद, मजबूत. ऐसा स्क्रू हल्ली बाजारात येत नाही. कोठीवरचा माणूस तो, त्याने सारे आयुष्य ऐशाच स्क्रूंची राखण केली. त्यांनी हत्यारांची गुंडाळी उघडली, पेचकस काढला आणि स्क्रू फिरवावयास आरंभ केला.

बाईसाहेबांनी काचेतून डोके काढून पुसले जे, "अहो, काय करताय?"

"काही नाही गं. स्क्रू चांगला आहे. कामाला येईल."

स्क्रू निघाला, आणि त्यामागोमाग चाकाचा प्राण निघाला. फुस्स ऐसा दीर्घ ध्वनी झाला, आणि साहेब स्क्रू रुमालास पुसून खिशात घालीत आहेत तोवर गाडी डाव्या गुडघ्यावर बसली. ऐशी फत्ते गनिमासही मिळाली नसती. गनीम एकटा आत शिरून अडकून पडला होता, त्यास आमच्याच सेनापतीने मानाने बाहेर काढले आणि किल्ल्याचा दरवाजा उघडा ठेवला.

बाईसाहेब खाली उतरल्या. चाकाकडे पाहिले, यजमानांच्या खिशाकडे पाहिले, सूर्याकडे पाहिले. बोलल्या नाहीत. साहेबांनी समजावे की हे न बोलणे म्हणजे तोफेत दारू भरणे आहे.

मग साहेब म्हणाले की घाबरावयाचे कारण नाही, चाक बदलू. जाणत्या लष्करात सरदाराबरोबर कोतल घोडा चालतो, म्हणजे एक घोडा पडला तर दुसरा तयार. गाडीचा कोतल म्हणजे स्टेपनी. साहेब मागे गेले, डिकीचे दार उघडले, खालचा गालिचा उचलला. तेथे स्टेपनीची जागा होती. वाटोळी, स्वच्छ, झाडून पुसून ठेवलेली. त्यात स्टेपनी नव्हती.

बाईसाहेब मागे येऊन उभ्या राहिल्या. "कुठंय?"

साहेब त्या वाटोळ्या जागेस म्हणाले, "माळ्यावर."

"कुठल्या माळ्यावर?"

"आपल्या. ती एकदाही वापरली नव्हती गं. कोरी होती. इथं उगाच धक्के खात पडली होती, म्हणून मी... प्लॅस्टिकात गुंडाळून... पावडर लावून ठेवलीय. एकदम छान आहे."

"छान आहे ना?" बाईसाहेब म्हणाल्या. "मग झालं तर."

येथून फजितीचे दिवस सुरू. सूर्य माथ्यावरून कलला होता. साहेबांनी विमा कंपनीच्या मदत दरबारी फोन केला. तेथे माणूस नाही, गाणे आहे. गाणे थांबे आणि आकाशवाणी होई की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि पुन्हा गाणे. ज्या दरबारी फिर्याद ऐकावयास कान नाही, परंतु फिर्यादीचे कान भरावयास वाजंत्री आहे, त्या दरबाराचे वाटोळे होवो. पुष्कळ वेळाने एक मंजूळ कन्या प्रकटली.

"सर, जवळची खूण सांगाल का?"

"एक झाड आहे."

"कुठलं झाड, सर?"

"वाकडं."

कन्येने मागे पाहून कोणास काही विचारले, आणि मग कळविले की, सर, आपलं ठिकाण आमच्या सेवाक्षेत्रात येत नाही, आणखी काही मदत करू शकते का? तेव्हा बाईसाहेबांनी फोन हिसकावून सवाल केला, "आणखी म्हणजे? पहिली कुठली केलीस, बाळा?" बोलणे तुटले. आणि पाठोपाठ खलिता आला की आमची सेवा कशी वाटली, तारे देऊन कळवा.

पुढे एक भली मोठी मोटार येऊन थांबली. काच बोटभर खाली झाली, आतून थंड हवा आणि एक गृहस्थ ऐसे दोन्ही बाहेर डोकावले. गृहस्थांनी चाक पाहिले, मान हलविली, आणि फर्माविले की टायरमध्ये नेहमी नायट्रोजन भरत जावा, साध्या हवेचे दिवस गेले. काच वर झाली. मोटार गेली. या भूमीवर सल्ला देणारास थांबावयास नेहमी वेळ असतो आणि हात लावणारास नसतो, ही गोष्ट येथे रागाने लिहून ठेविली आहे.

त्यामागून एक अंडीवाला मोटारसायकलीवर आला. अंड्यांचे ट्रे मागे मनोऱ्यासारखे रचलेले. हा मात्र माणूस निघाला. गाडी स्टँडवर लावून बाह्या सरसावीत आला.

"काका, बाजूला व्हा. स्टेपनी काढा, आत्ता लावून देतो."

"घरी आहे."

"घरी?" अंडीवाला थबकला. "घरी काय करते?"

"आराम करते," बाईसाहेब म्हणाल्या. "माळ्यावर. पावडर लावून."

अंडीवाला हसला ऐसा की मनोरा हलावयास लागला आणि बाईसाहेबांनीच धावून ट्रे धरले. मग त्याने डोळे पुसत सांगितले की पुढल्या वळणापलीकडे टायरवाल्याचे दुकान आहे, आणि मनोरा सांभाळीत निघून गेला. तेवढ्यावर साहेबांस हुरूप आला. ते पायी गेले, उन्हातान्हात गेले, आणि परत आले तो चेहरा चाकासारखा बसलेला.

"बंद आहे. पाटी लावलीय. दहा मिनिटांत येतो म्हणून."

"मग थांबायचं होतं ना दहा मिनिटं!"

"पाटी ऑइलपेंटनं रंगवलीय. त्यावर वेल चढलाय."

बाईसाहेब काही म्हणणार, इतक्यात पिशवीत फोन वाजला. ताई.

"कुठवर आलीस गं, बेबे?"

"हे काय, आलोच," बाईसाहेब म्हणाल्या, आणि वेल चढलेली पाटी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"सावकाश या, घाई नाही काही. गाडीवाला जरा लवकर आलाय मेला, पण मी त्याला चहात गुंतवलाय. दुसरा कप चाललाय. फार तर आणखी दोन पाजीन. त्याच्या पलीकडे माणूस चहा पीत नाही गं."

"हो ताई."

फोन बंद जाहला. सूर्य वाकड्या झाडाच्या फांदीत उतरला होता. बाईसाहेबांचा घसा सुकला म्हणून त्या पाण्याची बाटली काढावयास डिकीपाशी गेल्या, बाटली कोपऱ्यात घरंगळली होती, तिच्यामागे हात घातला, आणि हातास लागली एक पिठाची जुनी गोणी. गोणीत प्लॅस्टिक, प्लॅस्टिकात वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात खोके, खोक्यावर चित्र. चित्रात एक हसतमुख मनुष्य बसलेल्या चाकात यंत्राने हवा भरतो आहे.

साहेबांनी ते पाहिले आणि ते पाहिले हे बाईसाहेबांनी पाहिले.

"हे लेकीनं दिलेलं ना? तुमच्या निवृत्तीला?"

"हो, ती म्हणाली होती गाडीतच ठेवा. म्हणून गाडीतच ठेवलंय." साहेबांनी आज्ञाधारक बापाची मुद्रा केली.

"पंक्चरचंच आहे ना?"

"आहे, पण नवीन आहे. आणि हे पंक्चर तसं किरकोळ आहे गं. पुढंमागं एखादं मोठं पंक्चर झालं तर काय करायचं?"

हे वाक्य ऐकून रानातील पाखरेही उडाली ऐसे म्हणतात. बाईसाहेबांनी खोके छातीशी धरले. साहेबांनी दुसरे टोक धरले. भर रस्त्यात उभयतांची झोंबी जुंपली, ती हातघाईवर आली. साहेबांनी तहाची बोलणी लाविली की सील तोडले म्हणजे वॉरंटी जाते. बाईसाहेबांनी पुसले, वॉरंटी कधीपर्यंत? साहेब खोटे बोलणारे नव्हते, कोठीवर खोटे कधी लिहिले नाही. मान खाली घालून म्हणाले की ती केव्हाच संपली. तेव्हा बाईसाहेबांनी खोक्याची चिकटपट्टी दातांत धरली, जैसा हयातभर दोरा तोडला तैसा हिसका दिला, आणि अजिंक्य म्हणून गाजलेला तो कोट एका दातात पडला.

आत हवा भरावयाचे यंत्र निघाले, गाडीच्या सॉकेटास लावावयाचे, धडधाकट. दुसऱ्या पुडीत भोक बुजवावयाच्या रबरी पट्ट्या आणि चिकट रसायनाची ट्यूब. साहेबांनी पट्टी हातात घेतली तो ती काडकन मोडली. दुसरी घेतली, मोडली. ट्यूब दाबली, दाबेना. फिरवून रस्त्यावर ठोकली तो टण् ऐसा आवाज आला. न वापरता, जपता जपता, आतल्या आत दगड होऊन गेली होती.

बाईसाहेब मैलाच्या दगडावर जाऊन बसल्या. साहेब तुटलेल्या पट्ट्या गोळा करीत होते, ते हात थांबवून जवळ आले.

"असं कसं झालं कळत नाही. जपून ठेवलं होतं गं."

मग तोफ उडाली. परंतु मोठ्याने नाही. बाईसाहेब हळू बोलल्या, म्हणून ती अधिक लागली.

"जपून. टॉवेल माळ्यावर, स्टेपनी माळ्यावर. मी काही बोलले का कधी? पण तुम्ही माझी बहीणसुद्धा माळ्यावर ठेवलीत हो. पुढल्या खेपेस, पुढल्या खेपेस. ती आता चालली. आणि मी इथं दगडावर बसलेय."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. साहेबांनी हातातील तुटक्या पट्ट्या टाकून दिल्या, हे त्यांचे या स्वारीतील पहिले शहाणपण. ते चाकापाशी जाऊन उभे राहिले. त्यांचा हात खिशात गेला. मूठ बाहेर आली, उघडली. त्यात स्क्रू.

"ह्यालाच परत घालून बघू का?"

"कोणाला?"

"हा आत होता तोवर हवा जास्त जात नव्हती."

बाईसाहेब दगडावरून उठल्या. "मग बघताय काय? ज्यानं भोक पाडलं त्यालाच बसवा तिथं. भोगू दे मेल्याला."

हे राजकारण थोरामोठ्यांस सुचत नाही. गनीम पाडाव केला तर त्याचा शिरच्छेद करितात अथवा खंडणी घेतात. परंतु ज्याने किल्ल्यास खिंडार पाडले त्यासच खिंडारात उभा करून किल्लेदारी सांगावी, ही मसलत त्या रानात त्या दोघांनी केली. तथापि स्क्रू नुसता घातला तर कडेने हवा गळेल. तेव्हा साहेबांनी हत्यारांच्या गुंडाळीतून एक डबी काढली. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी पातळ टेप. कोरी, वर सील. बाईसाहेब पाहात राहिल्या. साहेबांनी एकदा टेपेकडे पाहिले, एकदा सूर्याकडे, आणि स्वहस्ते सील फोडले. ऐसा आवाज त्या हातांतून पूर्वी कोणी ऐकला नव्हता. एक वेढा दिला, मग आणखी एक. "घाला, घाला, सगळी गुंडाळा," ऐसा बाईसाहेबांचा हुकूम, आणि सगळी गुंडाळली. येणेप्रमाणे गनिमास पांढरी खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, मिळाली.

मग बाईसाहेबांनी मागून रेटा देऊन गाडी वीतभर पुढे सरकविली, म्हणजे भोक वर आले, आणि साहेबांनी गुडघे टेकून पेचकस चालविला. गुडघ्याखाली पँट फाटली. ती नवी होती. साहेबांनी फाटलेले पाहिले, तोंड उघडले, आणि मिटले. किल्लेदार जागी बसला. यंत्र सॉकेटास लागले, रेडा रेकतो तैसे गरजू लागले, आणि चाक हळूहळू उठले, जैसा अपमान गिळलेला माणूस उठतो. बाईसाहेबांनी स्क्रूच्या डोक्यास थुंकी लावून पाहिली. बुडबुडा येई, परंतु एक येई आणि दुसऱ्याची वाट पाहात बसे.

"चालेल," बाईसाहेब म्हणाल्या. "चला आता. आणि पळवा."

पुढे मजल दरमजल कूच. थोडे जावे, थांबावे, थुंकी लावावी, हवा भरावी, पुन्हा पळावे. आणि नोंद करण्याजोगी गोष्ट की गाडी पळाली. मागचे ट्रक मागे राहिले, आणि एका ट्रकवाल्यास साहेबांनी स्वतः कर्णा वाजविला. वड्यांचा डबा बाईसाहेबांच्या मांडीवर नाचत होता. ताईंच्या गल्लीच्या तोंडाशी चाक पुन्हा बसावयास आले. "आता नाही थांबायचं," ऐसे दोघे एकदम म्हणाले, आणि गाडी लंगडत, फटफटत, गल्लीत शिरली.

सूर्य घरांमागे गेला होता. भाड्याच्या मोटारीचे इंजिन चालू, सामान वर बांधलेले. ताई फाटकास टेकून उभ्या, पायांत प्रवासाचे नवे बूट, हातात कप. गाडीवाला काकुळतीस आला होता. "आजी, विमान थांबत नाही हो!"

"उडू दे की. माझी खुर्ची रिकामी नेऊन काय करणारे?" ताई म्हणाल्या, आणि तेवढ्यात लंगडी गाडी दिसली, आणि कप हातातच वाकडा झाला. "आली गं बाई माझी. अगं, ह्या गाडीला रंग होता का असा?"

बहिणी भेटल्या. कशा भेटल्या ते लिहिण्यास लेखणीस परवानगी नाही. पुढे उभयता पायरीवर बसल्या. घर मागे रिकामे, भिंतींवर तसबिरींच्या जागा पांढऱ्या. ताईंनी चहा दिला. कप सोनेरी काठाचे, पातळ, बोटे पलीकडून दिसतील ऐसे. गाडीवाल्याच्या हातीही तसाच कप.

"हे कुठले गं?" बाईसाहेबांनी पुसले.

"लग्नातले. फुटतील म्हणून कधी काढलेच नाहीत. आता सामान बांधणारा म्हणतो, काच नेत नाही. म्हटलं, मग आज तरी. सकाळपासून सगळ्या गल्लीला पाजतेय ह्यातून." ताईंनी कपाच्या काठावरून बोट फिरविले. "सगळं आयुष्य कानतुटक्या कपात प्यायले गं, बेबे. बोटं भाजायची."

साहेब फाटक्या गुडघ्याने चाकापाशी उभे होते. त्यांनी हे ऐकिले. त्यांनी आपला कप दोन्ही हातांनी धरला.

मसलत एका कपापुरतीच झाली. गुडघ्याची झाली, गोळ्यांची झाली, तिकडे केस कोण कापून देईल याची झाली. वडी ताईंनी तिथेच खाल्ली, दुसरी पर्समध्ये टाकिली, आणि साखर जरा पुढे झाली ऐसा दोष काढिला, कारण थोरलीचा हक्क तो. "उन्हाळ्यात येईनच," ऐसे त्या म्हणाल्या. "नको खोटं बोलूस," बाईसाहेब म्हणाल्या, आणि दोघी हसल्या, आणि मग मोटार हलली. वळणापर्यंत खिडकीतून हात दिसला. सोनेरी काठाचे कप एका टोपलीत बाईसाहेबांच्या मांडीवर राहिले.

परतीची हकीकत थोडकी. किल्लेदाराने जागा सोडली नाही. टायरवाल्याची पाटी अद्याप दहा मिनिटांवरच होती. फलक उरलेल्या स्क्रूसकट खाली पडला होता, आणि त्यावरून बकऱ्या चालत गेल्या.

घरी पोहोचल्यावर साहेबांनी टोपली उचलली, आणि सवयीने वर्तमानपत्र शोधू लागले, आणि त्यांची दृष्टी माळ्याकडे गेली. बाईसाहेबांनी त्यांच्याकडे फक्त पाहिले. साहेबांनी शिडी लाविली, वर चढले, आणि टोपली खालीच राहिली. वरून उतरली ती स्टेपनी. तिच्या पावडरीचा ढग घरभर झाला आणि उभयता पुष्कळ शिंकले.

येणेप्रमाणे स्वारी फत्ते जाहली, ती पुढीलप्रमाणे दाखल व्हावी. ताईंची भेट, सूर्यास्तानंतर परंतु जाण्याआधी, झाली. स्टेपनी माळ्यावरून गाडीत रुजू झाली. प्लॅस्टिक तिच्यावर अद्याप आहे, साहेबांचे म्हणणे की एवढे तरी असू द्या, आणि ते मंजूर केले. दुसरे दिवशी सकाळी सोनेरी काठाच्या कपात चहा झाला. कप धुताना साहेबांच्या हातून निसटला आणि त्याचा कान तुटला. घरात कोणी ओरडले नाही. "फुटू दे," ऐसे प्रथम साहेबच म्हणाले.

तो तुटलेला कान विजयाच्या सदरात लिहिला आहे. कळावे.